खालचा डावा कोपरा

लाल गोल याही वेळी तिथेच पडला होता. फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात.

"आला वाटतं तुमच्या मास्तरांचा शेरा?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं. तिने मान वर केली नव्हती. नवऱ्याच्या नाकातून निघालेला फुत्कार तिला ओट्यापाशी ऐकू आला होता.

"आला. एवढा मोठा फोटो, पण ह्या माणसाला त्यात कोपराच दिसतो. काय वाकडं केलंय मी त्याचं, कोण जाणे."

"मग नका टाकू तिथे फोटो. उगाच आपलं विकतचं दुखणं."

ते मात्र त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. दिवसभर तो लोखंडाच्या यार्डात, उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये एकटा बसायचा. खाली पाइपांचे गठ्ठे, तुळया, ट्रक, मुंग्यांएवढी माणसं. हाताखालचा दांडा इंचभर सरकवला की खाली हत्तीएवढं वजन हलायचं. यार्डातले सगळे त्याला 'वरचा' म्हणत. नवा ट्रकवाला विचारायचा, "माल कधी चढणार?" की कोणीतरी आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचं, "वरच्याची मर्जी!" आणि सगळे खो खो हसायचे. हा विनोद इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झाला होता, तरी फेकून द्यायला कोणी तयार नव्हतं.

वरून जे दिसतं ते खालच्यांना दाखवावं, एवढ्याशा हौसेपोटी त्याने जुना कॅमेरा घेतला. हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप फोनवर सापडला. त्यात कोणी दात काढणारा, कोणी विमा विकणारा, कोणी नुसताच रिटायर. ज्याने त्याने आपलं पोर पुढे करावं आणि बाकीच्यांनी नाकडोळे बघावेत, तसा तिथला कारभार. 'वा, क्या बात है' म्हणणारे पुष्कळ. मास्तर तेवढा वेगळा. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तो स्तुती करत नसे की टर उडवत नसे. फोटोवर चुकीच्या जागी लाल गोल काढायचा आणि खाली एक वाक्य लिहायचा.

आजचा फोटो मात्र वरच्याच्या जिवाचा तुकडा होता. पहाटेचं धुकं यार्डात दुधासारखं सांडलेलं, पाइपांची गोल तोंडं अर्धी बुडालेली, आणि मधोमध एकटा हूक, आभाळातून कोणी गळ सोडावा तसा. पाडाचं फळ आपण होऊन ओंजळीत पडावं, तसा तो फोटो पडला होता. घरी आल्यावर त्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला होता, डोळे भरून, हुकावरून नजर न हलवता.

मास्तरने लिहिलं होतं: 'फोटो चांगला. पण खालच्या कोपऱ्यात अर्धा माणूस कापला गेलाय. बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांतून नजर फिरवून येत जा.'

"माणूस म्हणे!" तो उसळला. "चिटपाखरू नव्हतं यार्डात. पिंपाला माणूस म्हणतोय."

"बघू." बायकोने पदराला हात पुसले, फोन घेतला, दोन बोटांनी कोपरा मोठा केला आणि हसली. "अहो, पिंप कधी टोपी घालतं का? धाकटा आहे हा आमचा! बघा की, ती मागे सरकवलेली टोपी. शंभरदा सांगितलंय त्याला, सरळ घाल म्हणून."

त्याने फोन हातात घेतला.

धुक्यातून एक खांदा पुढे आला होता. पिवळी टोपी, तिच्याखाली अर्धा गाल, वर उचललेला एक हात. त्याचा मेहुणा. बायकोचा पाठचा भाऊ, ज्याला त्यानेच शब्द टाकून यार्डात कामाला लावलं होतं. खाली उभं राहून वरच्याला हाताने खुणा करायच्या, वॉकीटॉकीवर बोलायचं, हे त्याचं काम. उचललेला हात म्हणजे 'थांबा'.

"काय झालं हो? असे काय बघताय?"

"काही नाही."

त्या पहाटे यार्ड रिकामं होतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रिकामं होतं म्हणूनच खुणेची वाट न बघता, फोटो काढून झाल्याबरोबर कॅमेरा मांडीवर ठेवून त्याने दांडा ओढला होता. हूक डावीकडे, खाली.

आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दाजी, टोपी होती म्हणून बरं, नाहीतर तुमच्या हुकाने आज माझा भांगच पाडला असता!" सगळे हसले होते. तोही हसला होता. त्याला वाटलं होतं, पोरगं आपलं नेहमीसारखं टोप्या उडवतंय.

फोटोखाली ग्रुपवाले लिहीतच होते. 'मास्तर, तो अर्धा माणूसच फोटोचा जीव आहे.' 'त्याच्यामुळेच हूक केवढा मोठा आहे ते कळतं. मुद्दाम ठेवलाय, हो ना दादा?' मग दातांच्या डॉक्टरने लिहिलं, 'एवढा काय खल करताय? कोपरा कापून टाका. कोणाला कळणार आहे, तिथे माणूस होता म्हणून?'

त्याने फोन पालथा घातला. पण हात राहीना. भाजी शिजेपर्यंत तो मागचे फोटो काढून बघत बसला. जुने फोटो स्वच्छ होते, कडा धुतल्यासारख्या. अलीकडच्यांत मात्र काही ना काही शिरलेलं. कुत्र्याचं शेपूट. कोणाची तरी चप्पल. सायकलचं अर्धं चाक. तळ्याकाठी काढलेल्या फोटोत तर खुद्द बायकोचं कोपर. प्रत्येक फोटो त्याने हात स्थिर धरून, कडा निरखून काढला होता. शपथेवर सांगितलं असतं त्याने. आणि प्रत्येकाच्या त्याच कोपऱ्यात मास्तरचा लाल गोल होता. मास्तरने डूख धरला नव्हता. मास्तर बिचारा जे दिसत होतं ते दाखवत होता.

"जेवायला बसा," बायको म्हणाली.

त्याने मीठ मागितलं.

"वाढलंय की! तिथेच तर आहे, डाव्या हाताला."

*

दुसऱ्या दिवशी तो शिडी चढून वर गेला. केबिनमध्ये बसला, काच पुसली. काच स्वच्छच होती, तरी पुसली. ऊन पडलं होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. खाली पट्टे आवळून पाइपांचा गठ्ठा तयार होत होता.

घाई असेल, तो स्वतःशी म्हणाला. माणूस घाईत असला की नजर उडते. वय झालं की अवधान सुटतं, दुसरं काय. मास्तर म्हणतो तसं करून तर बघू.

त्याने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. नजर मधोमध पाइपांच्या गठ्ठ्यावर रोवली आणि ती तिथून न हलवता मनाने चारही कोपऱ्यांतून फिरून यायला निघाला. वरचा उजवा कोपरा: दिव्याचा खांब. वरचा डावा: पत्र्याचं छप्पर. खालचा उजवा: ट्रकच्या टपावरचं निळं कापड. खालचा डावा...

तिथे काही नव्हतं. काळोख नव्हता, धुरकटही नव्हतं. काळोख असता तर त्याला हायसंच वाटलं असतं. तिथे यार्डची जमीन होती, सरळ, राखाडी, रिकामी. इतकी खरी, की त्यावर चालत जावं.

कॅमेऱ्यावरून त्याने आपला डावा हात पुढे काढला आणि अंगठा त्या कोपऱ्यात नेला. अंगठा गेला. बोटं गेली. मनगटाला पंजाच नाही असा हात त्याच्या डोळ्यासमोर राहिला, आणि पंजाच्या जागी तीच जमीन, राखाडी, निवांत, काही झालंच नाही अशी.

त्याने कॅमेरा खाली घेतला. उघड्या दोन्ही डोळ्यांनी तसंच करून पाहिलं. पंजा एकदम नाही गेला. विझत्या वातीसारखा फडफडला, आणि मग गेला.

केबिन उंच आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, इतकी वर्षं जणू तो जमिनीवरच बसून होता. पायांखालच्या काचेतून खाली बघवेना. त्याने दांड्यावरचा हात उचलून घेतला, तापल्या तव्यावरून उचलावा तसा.

"दाजी," वॉकीटॉकी खरखरला. "गठ्ठा तयार. उचला."

त्याने खाली पाहिलं. माणसं होती. धाकटा नव्हता. मान डावीकडे वळवली, तेव्हा धाकटा होता. मान सरळ केली, धाकटा नव्हता.

"दाजी? झोप लागली का? ट्रकवाला शिव्या घालतोय."

मान वळवत काम करता येईल, त्याच्या मनात आलं. कोंबडं करतं तसं. सारखी मान वळवायची, कोणाला कळणारही नाही. कंपनीच्या तपासणीत भिंतीवरची अक्षरं तर अजून खडाखडा वाचतो आपण, शेवटच्या ओळीपर्यंत. कोण म्हणेल डोळा गेला? आणि खाली उतरून करायचं काय? वरच्याला वरून काढलं तर उरतं काय त्याचं? सावधपणे करू. जपून करू. पहिला विचार येतो तो हाच, आणि तो इतक्या गोड आवाजात येतो की माणसाला वाटतं, आपलं शहाणपणच बोलतंय.

त्याने दांड्याला हात लावला. गठ्ठा जमिनीपासून सुटला, पट्ट्यांनी कुरकुर केली, पाइप एकमेकांवर किणकिणले. त्याने मान डावीकडे वळवली: धाकटा उभा. गठ्ठ्याकडे बघण्यासाठी मान सरळ केली. आता धाकटा तिथेच आहे, की पुढे आलाय? मान वळवली: धाकटा दोन पावलं पुढे. मान सरळ. आता? गठ्ठा जरासा झुलला. आता? मान वळवली, तर धाकटा तिथे नव्हता.

दांडा जिथे होता तिथे सोडून तो अर्धा उठला, काचेला कपाळ टेकवलं. धाकटा बाजूला जाऊन ट्रकवाल्याकडून काडेपेटी घेत होता.

त्याने गठ्ठा खाली घेतला. बाळ निजवावं तसा, आवाज न होऊ देता. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"सगळ्यांना बाजूला घे. मी खाली येतोय."

"का? काय झालं? पोट बिघडलं का दाजी?"

"तू बाजूला हो आधी. बाजूला झालास का? सांग मला. मला सांग!"

खाली हशा थांबला. वरच्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता.

शिडी उतरताना तो प्रत्येक पायरी बुटाच्या टोकाने चाचपत होता. खाली पोचला तेव्हा सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभा. "अहो, भर कामात हे काय? लाइन लागलीय ट्रकांची."

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला.

"काय दिसत नाहीये?"

"हा." त्याने बोट दाखवायला धाकट्याकडे हात केला, तर तो चुकला, हवेतच राहिला. धाकटा किंचित सरकून त्या बोटासमोर आला.

सुपरवायझरने वर हुकाकडे पाहिलं. मग त्याच्या कपाळावरचा घाम तिथे असलेल्या सगळ्यांना दिसला.

"दाजी," धाकटा हळू म्हणाला, "म्हणजे परवा... धुक्यात..."

"हो."

"मी हात वर केला होता. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. हूक असा जवळून..." त्याने टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच सरळ घातली.

*

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत दोघे बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं. धाकटा त्याच्याकडे बघायचं टाळत होता.

"ताईला फोन करू का?"

"नको. नुसती घाबरेल."

"आपण नाही का घाबरलो?"

"म्हणून तर. दोन पुरेत."

फोन थरथरला. ग्रुप चालवणाऱ्याचा निरोप होता: 'अभिनंदन! महिन्याचा फोटो म्हणून आपली निवड. मते भरघोस. फक्त मास्तरांनी दाखवलेला कोपरा कापून पुन्हा पाठवाल का? म्हणजे बोट ठेवायला जागा नको. आणि फोटोविषयी दोन ओळी लिहा.'

या निरोपाची त्याने किती वाट पाहिली होती. आला तर बायकोला आधी सांगायचं की धाकट्याला, हेही त्याच्या मनात ठरलेलं होतं. त्याने फोटो उघडला. किती सुंदर होता तो. अजूनही तितकाच सुंदर होता, हेच भयंकर होतं. कापण्याच्या खुणेवर बोट ठेवलं, तशी चौकट आली, आणि चौकटीची कड त्या पिवळ्या टोपीपर्यंत सरकली. आणखी जरा सरकवली की माणूस गेला. जमीन उरली, राखाडी, रिकामी, त्याच्या डोळ्यात उरत होती तशीच.

कड त्याने पुन्हा बाहेर ढकलली, पार टोकापर्यंत. मग एका एका अक्षरावर बोट ठेवत लिहिलं: 'या फोटोत एक माणूस आहे. तो मला दिसला नाही. फोटो स्पर्धेत धरू नका.'

आतून हाक आली.

आत त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही प्रकाश चमकला की दाबायचं. बटण दाबायची सवय होती त्याला. ठिणगी इकडे चमकली, दाबलं. तिकडे चमकली, दाबलं. मग चमकेचना. तो बोट टेकवून बसून राहिला. यंत्र आत किर्र किर्र करत होतं, म्हणजे कुठेतरी चमकत असणारच. कुठेतरी काजवे पेटत होते आणि विझत होते, आणि तो अंधारात दार धरून उभ्या असलेल्या माणसासारखा वाट बघत होता. मागे उभा धाकटा खाकरला. त्याला पडद्यावर सगळं दिसत असावं.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वयाने लहान होत्या, आवाज मात्र मायेचा. "डावा डोळा बराच पुढे गेलाय. उजव्याचा खालचा आतला भाग जातोय. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही हो काका."

"पण काळं काही दिसत नाही मला. तिथे जमीन दिसते."

"ते मेंदूचं काम. तो फार हुशार शिंपी आहे. भोक पडलं की आजूबाजूचंच कापड ओढतो आणि रफू करतो. इतकं बेमालूम, की ज्याचा कपडा त्यालाच टाका सापडत नाही. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"एक जण... लाल गोल काढून दाखवायचा."

त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. "थेंब देते. न चुकता घालायचे. जे गेलं ते परत येणार नाही. आहे ते राखायचं."

"आणि क्रेन?"

उत्तर धाकट्यानेच दिलं. "नाही दाजी."

*

घरी जाताना रस्त्यावर संध्याकाळची वर्दळ होती. दुकानांचे दिवे लागत होते. इतके दिवस ज्या रस्त्याने तो बिनघोर चालला, तो आता त्याला बेइमान वाटत होता. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा खरंच रिकामी आहे की रफू केलेली? कडेने एक सायकल अंगाला घासून गेली, कुठून आली कळलंच नाही. तो दचकून थांबला.

खिशात फोन सारखा थरथरत होता. त्याने एकदा काढून पाहिला. 'काय ओळ लिहिलीत दादा!' 'तो मला दिसला नाही, वा! पूर्ण कविताच.' 'आता तर माझं मत याच फोटोला.' मास्तरचं एकच वाक्य होतं, सगळ्यांच्या खाली: 'तब्येत सांभाळा.' लाल गोल नव्हता. त्याने फोन बंद केला.

"ताईला काय सांगायचं?" धाकट्याने विचारलं. आवाज डावीकडून आला, जिथे कोणीच नव्हतं.

तो पुन्हा दचकला. आवाजाच्या दिशेने मान वळवली तेव्हा कुठे धाकटा उगवला, चेहरा उतरलेला, सरळ टोपी अजून डोक्यावरच.

"सांगू काहीतरी," तो म्हणाला. "खरं तेच सांगू."

धाकटा चार पावलं तसाच चालला. मग जरा मागे राहिला, दाजींच्या पाठीमागून वळसा घेतला, आणि उजव्या बाजूला येऊन चालू लागला.